लघवीच्या रिपोर्टमधले ‘दोन प्लस’ आणि फाइलमध्ये लिहायचे निदान

प्रश्न : माझे वय ३० वर्षे असून हे माझे पहिलेच गरोदरपण आहे. सध्या २७ वा आठवडा चालू आहे. तिसऱ्या महिन्यात लघवीत प्रोटीन नव्हते. २४ व्या आठवड्यात दवाखान्यातल्या पट्टीवर एक प्लस आले आणि २६ व्या आठवड्यात लॅबच्या रिपोर्टमध्ये दोन प्लस आले. त्याच नमुन्यात प्रोटीन ७६, क्रिएटिनिन २०० आणि दोन्हींचे गुणोत्तर ०.३८ असे लिहिले आहे. पस सेल्स ८ ते १० असून एपिथेलियल सेल्सपुढे ‘भरपूर’ असा शेरा आहे. रक्तदाब दोन्ही वेळा १२२/७८ च्या आतच होता. संध्याकाळी पाय थोडे सुजतात. डॉक्टरांनी फाइलवर ‘प्री-एक्लाम्प्सिया’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह केले आहे आणि २४ तासांची लघवी तपासायला सांगितली आहे. मी पिंपरीत नोकरी करते, त्यामुळे दिवसभराची लघवी साठवणे अवघड वाटते. सासूबाईंनी डाळ आणि अंडी बंद केली आहेत. नणंद म्हणते की फाइलवरचा तो शब्द खोडून घे, नाहीतर विमा कंपनी अडवेल. बाळंतपणासाठी ३२ व्या आठवड्यानंतर मी सांगली जिल्ह्यात माहेरी जाणार आहे. मला नेमका काय आजार आहे, आणि मी काय करू?

उत्तर :

आपण पाठवलेल्या माहितीवरून एवढे सांगता येते की आज आपल्याला प्री-एक्लाम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवर परिणाम करणारा आजार) आहे असे म्हणण्याइतका पुरावा कागदावर नाही, आणि तो नाहीच असे म्हणून फाइल बंद करण्याइतकाही नाही. डॉक्टरांचे प्रश्नचिन्ह म्हणूनच योग्य आहे. मात्र त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या तपासणीने आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळवायचे, हे त्याच्या शेजारी लिहिलेले नाही. ती उणीव आपण पुढच्या भेटीत भरून काढावी.

प्रथम पट्टीविषयी. पट्टीवरचा पिवळा रंग हिरवट होत जातो तो लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रोटीनमुळे, आणि तो किती हिरवा झाला यावरून प्लस मोजले जातात. ढोबळमानाने एक प्लस म्हणजे दर डेसिलिटरला ३० मिलिग्रॅम, दोन प्लस म्हणजे १०० आणि तीन प्लस म्हणजे ३००. हे मोजमाप घनतेचे असते, म्हणजे त्या क्षणी भांड्यात असलेल्या लघवीपुरते खरे असते. दिवसभरात शरीराबाहेर किती प्रोटीन गेले हे पट्टीला कळत नाही. पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते आणि प्लस वाढतात. भरपूर पाणी पिऊन गेले की तेच प्लस उतरतात. त्याशिवाय पट्टी ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा वाचली, डबीचे झाकण उघडे राहून पट्ट्या दमट झाल्या, लघवी अल्कधर्मी असली किंवा नमुन्यात अंगावरून जाणारा पांढरा स्राव मिसळला, तरी खोटे प्लस येऊ शकतात. म्हणून एक किंवा अधिक प्लस आले की पुढची पायरी मोजणीची असते. नुसत्या पट्टीवरून निदान लिहिणे योग्य नाही. मोजणीची सोयच उपलब्ध नसेल, तेथे दोन प्लस ग्राह्य धरण्याची मुभा आहे.

त्या मोजणीचा सोपा मार्ग म्हणजे प्रोटीन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ दिवसभर साधारण एकाच गतीने बाहेर पडतो, त्यामुळे प्रोटीनच्या आकड्याला त्याने भागले की लघवी दाट होती की पातळ, हा फरक बराचसा निघून जातो. आपल्या रिपोर्टमध्ये ७६ भागिले २०० म्हणजे ०.३८ येते. क्रिएटिनिन २०० असणे म्हणजे लघवी चांगलीच दाट होती, आणि दोन प्लस दिसण्यामागे त्या दाटपणाचा मोठा वाटा आहे. याउलट एखाद्या स्त्रीच्या पातळ लघवीत प्रोटीन ३० आणि क्रिएटिनिन ४० असेल तर पट्टीवर एकच प्लस दिसेल, पण गुणोत्तर ०.७५ येईल, म्हणजे आपल्या जवळजवळ दुप्पट. प्लसच्या खुणा मोजून घाबरणे किंवा निश्चिंत होणे दोन्ही का चुकते, ते यावरून ध्यानात यावे.

गरोदरपणात हे गुणोत्तर ०.३ किंवा त्याहून अधिक असेल, अथवा २४ तासांत ३०० मिलिग्रॅम किंवा अधिक प्रोटीन जात असेल, तर ते जास्त मानतात. गरोदर नसताना ही मर्यादा दिवसाला सुमारे १५० मिलिग्रॅमची असते. गरोदरपणात मूत्रपिंडातून रक्त गाळले जाण्याचा वेग सुमारे निम्म्याने वाढतो आणि थोडे अधिक प्रोटीन निसटणे स्वाभाविक असते, म्हणून मर्यादा वर नेलेली आहे. ३०० ची रेषा व्यवहाराच्या सोयीसाठी आखलेली आहे. २९० म्हणजे निरोगी आणि ३१० म्हणजे आजारी असे शरीर मानत नाही. रिपोर्ट वाचताना एकक अवश्य पाहावे. काही लॅब हेच गुणोत्तर दर ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये देतात, तेव्हा ०.३ च्या जागी ३०० दिसते. परदेशी पद्धतीच्या रिपोर्टमध्ये दर मिलिमोलमागे मिलिग्रॅम असते आणि तेथे मर्यादा ३० ची असते. माहेरी दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी झाली आणि एकक बदलले, तर ०.३८ वरून ४३ झाले असे वाचून घरात गोंधळ उडेल. प्रत्यक्षात ते दोन्ही आकडे एकच आहेत.

आता आपल्या रिपोर्टमधल्या त्या दोन ओळींकडे या, ज्यांच्याकडे पत्रावरून तरी कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. भरपूर एपिथेलियल सेल्स (अस्तराच्या सुटलेल्या पेशी) म्हणजे नमुन्यात योनिमार्गातला स्राव मिसळल्याची दाट शक्यता, आणि ८ ते १० पस सेल्स (पू-पेशी) त्या स्रावातूनही आलेल्या असू शकतात किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गामुळेही. दोन्ही कारणांनी प्रोटीन वाढलेले दिसू शकते, आणि गुणोत्तर त्याच नमुन्यावर काढलेले असल्यामुळे तोच दोष ०.३८ मध्येही उतरला असू शकतो. गुणोत्तर दाटपणाचा फरक दुरुस्त करते, भेसळीचा करत नाही. म्हणून माझा सल्ला असा की, २४ तासांचा डबा हाती घेण्यापूर्वी लघवीचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करावे, संसर्ग निघाल्यास डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके पूर्ण घ्यावीत आणि त्यानंतर स्वच्छ नमुन्यावर गुणोत्तर पुन्हा काढावे. नमुना देताना बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुऊन पुसावा, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यावी. सकाळी उठल्याबरोबरची लघवी या मोजणीसाठी टाळावी. रात्रभर आडवे राहिल्याने तिच्यात प्रोटीन कमी उतरते आणि आकडा खोटा दिलासा देतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत ही सूचना स्पष्ट दिली आहे. निकाल मर्यादेच्या वर असूनही निदानाविषयी शंका असेल तर नव्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करण्याचा विचार करावा, असेही तीत म्हटले आहे. आपले उदाहरण नेमके तसेच आहे.

मग २४ तासांची लघवी हवीच का? ती मार्गदर्शिका सरसकट प्रत्येकीला ती करायला सांगत नाही, कारण गोळा करताना चुका फार होतात. पण नव्या नमुन्याचे गुणोत्तरही पुन्हा मर्यादेच्या आसपासच घुटमळले, तर आपल्या डॉक्टरांनी ती मागणे रास्त ठरेल आणि तेव्हा टाळाटाळ करू नये. नोकरीची अडचण सुट्टीच्या दिवसाने सुटते. रविवारी सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात जाऊ द्यावी आणि ती वेळ लिहून ठेवावी, समजा ६.३०. तेव्हापासून दिवसा-रात्री होणारी प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या डब्यात जमा करावी. शौचास जाताना होणारीही, कारण बहुतेकींची नेमकी तीच निसटते. सोमवारी सकाळी ६.३० ची लघवी डब्यात घेऊन काम संपवावे. डबा थंड जागी ठेवावा. एखादी वेळ चुकली तर लॅबला तसे सांगून पुन्हा सुरुवात करावी, कारण अपुऱ्या जमा केलेल्या लघवीचा कमी आकडा हा तपासणी न करण्यापेक्षा अधिक घातक असतो. त्याच डब्यातले क्रिएटिनिनही मोजायला सांगावे. आपल्या वजनाच्या मानाने ते फारच कमी आले तर लघवी अपुरी जमा झाली हे डॉक्टरांना कळते.

या रिपोर्टमध्ये एक आकडा स्वतः पडताळून पाहण्यासारखा असतो. काही वेळा लॅब फक्त दर डेसिलिटरचे प्रोटीन छापते आणि गुणाकार करायचा राहून जातो. समजा एकूण लघवी १८०० मिलिलिटर आहे आणि प्रोटीन दर डेसिलिटरला २२ मिलिग्रॅम आहे. १८०० मिलिलिटर म्हणजे १८ डेसिलिटर, म्हणून दिवसाचे प्रोटीन ३९६ मिलिग्रॅम झाले. नुसते २२ वाचून ‘नॉर्मल’ म्हणणारा तेथे फसतो. एकूण लघवी, गोळा करण्याची सुरुवातीची व शेवटची वेळ आणि दिवसाचे एकूण प्रोटीन या गोष्टी रिपोर्टवर नसतील, तर त्या मागून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता निदानाकडे वळू. प्री-एक्लाम्प्सिया म्हणण्यासाठी पाया रक्तदाबाचा असतो. २० आठवड्यांनंतर तो किमान चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला आणि जोडीला लघवीत प्रोटीन असले, तर ते निदान होते. प्रोटीन नसले तरी प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली जाणे, यकृताची एन्झाइम्स दुपटीने वाढणे, क्रिएटिनिन वाढणे, फुप्फुसात पाणी होणे, न थांबणारी डोकेदुखी किंवा दृष्टीत फरक पडणे यांपैकी काही त्या रक्तदाबाबरोबर आढळल्यासही ते निदान करता येते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेने २०१३ साली प्रोटीनची अट अशी सैल केली आणि त्याच वेळी पाच ग्रॅमहून अधिक प्रोटीन म्हणजे तीव्र आजार, हा जुना निकषही काढून टाकला. प्रोटीनला आपल्याकडे अजूनही गरजेपेक्षा अधिक आणि रक्तदाबाला कमी वजन दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला रक्तदाब आजवर ठीक आहे. तेव्हा नव्या नमुन्यातही प्रोटीन वाढलेलेच आले, तर आपल्या अवस्थेला गरोदरपणातील प्रोटीनयुरिया (लघवीतून प्रोटीन जाणे), रक्तदाबाविना, म्हणजे रक्तदाब वाढलेला नसताना, असे म्हणता येईल. ही अवस्था काहींच्या बाबतीत बाळंतपणापर्यंत तशीच राहून नंतर निवळते, काहींमध्ये पुढच्या काही आठवड्यांत रक्तदाब चढतो आणि ती प्री-एक्लाम्प्सियाची पहिली खूण ठरते, तर काही स्त्रियांमध्ये मूत्रपिंडाचा जुना, कधी न कळलेला आजार गरोदरपणात उघड होतो. या तिसऱ्या शक्यतेचा निवाडा करण्यासाठी तिसऱ्या महिन्यातला तो ‘प्रोटीन नाही’ असा रिपोर्ट फार मोलाचा आहे. २० आठवड्यांपूर्वीच प्रोटीन असते तर संशयाचा रोख मूत्रपिंडाकडे वळला असता. तो कागद शोधून फाइलमध्ये सर्वांत वर लावावा. नोकरीला लागताना वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिच्यातला लघवीचा रिपोर्टही मागवून घ्यावा. गरोदरपणापूर्वीचा इतका चांगला पुरावा दुसरा क्वचितच मिळतो.

त्याबरोबर प्लेटलेट्स, यकृताची एन्झाइम्स आणि रक्तातील क्रिएटिनिन या तपासण्या एकदा करून घ्याव्यात आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. क्रिएटिनिनच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. लॅबने शेजारी छापलेली मर्यादा गरोदर नसलेल्या स्त्रियांची असते. गरोदरपणात ते साधारण ०.४ ते ०.८ च्या दरम्यान उतरते, त्यामुळे आपले १.० आले तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापलेले असेल, पण डॉक्टरांनी त्याकडे पुन्हा पाहिले पाहिजे.

पायांची संध्याकाळची सूज बहुतेक गरोदर स्त्रियांना येते आणि ती निदानात धरली जात नाही. चेहरा किंवा हात एकाएकी सुजले, गोळी घेऊनही डोके दुखायचे थांबले नाही, डोळ्यांपुढे ठिणग्या चमकल्या किंवा अंधूक दिसू लागले, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. रक्तदाब १६०/११० भरला किंवा फिट (आकडी) आली तर १०८ वर फोन करावा.

घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र घ्यावे आणि दंडाला बांधायचेच घ्यावे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून सकाळ-संध्याकाळ मोजावे. घरी १३५/८५ किंवा अधिक वारंवार भरू लागले तर डॉक्टरांना कळवावे. १४० ची वाट पाहू नये.

डाळ आणि अंडी आजच पुन्हा सुरू करावीत. लघवीतून जाणारे प्रोटीन हे मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटलेले रक्तातले अल्ब्युमिन असते. ताटातल्या आमटीतून ते थेट तेथे पोहोचत नाही, आणि खाणे तोडल्याने गळती थांबत नाही. सासूबाईंनी हे काळजीपोटी केले आहे, तेव्हा पुढच्या भेटीला त्यांनाही बरोबर न्यावे आणि डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्यावे. मीठ सोडून देण्याचाही उपयोग नाही; लोणचे-पापड बेताने खावेत, एवढेच.

नणंदेच्या सल्ल्याबाबत मात्र मी ठाम आहे. फाइलवरचे अक्षर खोडायचे नाही आणि खोडायला सांगायचेही नाही. वैद्यकीय नोंद बदलायची असेल तर जुनी तशीच ठेवून खाली तारखेसह नवी नोंद करतात. आपल्या बाबतीत ती साधारण अशी असावी : ‘गरोदरपणाचे २८ आठवडे, मधल्या धारेच्या नव्या नमुन्यावर गुणोत्तर अमुक, कल्चरचा निकाल अमुक, रक्तदाब अमुक, बसून, उजव्या हातावर, प्लेटलेट्स, यकृत व क्रिएटिनिन अमुक, लक्षणे नाहीत, आज प्री-एक्लाम्प्सियाचे निकष पूर्ण होत नाहीत, पुढील तपासणी अमुक तारखेला.’ या नोंदीत ‘आज’ हा शब्द असायलाच हवा, कारण आठ दिवसांनी चित्र बदलू शकते आणि तेव्हा आजचे लिहिलेले खोटे ठरत नाही.

विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयाला निदानाचा आंतरराष्ट्रीय संकेतांक भरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात रक्तदाबाविना गरोदरपणातील प्रोटीनयुरियाला ‘ओ १२.१’ आणि प्री-एक्लाम्प्सियाला ‘ओ १४’ असे वेगळे संकेतांक आहेत. सूजही जोडीला असल्यास ‘ओ १२.२’ आहे, आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा गट ‘ओ २३’ आहे. रक्तदाब नसताना कोणी घाईने ‘ओ १४’ भरले तर ते चूक आहे, आणि रक्तदाब चढल्यावरही विमा अडेल या भीतीने ‘ओ १२.१’ च ठेवले तर तेही तितकेच चूक आहे. फाइलमधल्या आठवड्यागणिक नोंदी आणि संकेतांक एकमेकांशी जुळत असतील, तर कंपनीने विचारलेल्या प्रश्नाला रुग्णालयाकडे उत्तर असते. खाडाखोड केलेल्या कागदाला मात्र कोणी विश्वासाने हात लावत नाही.

माहेरी जाण्याचा बेत मोडण्याची गरज आज दिसत नाही, पण जाताना काही अटी पाळाव्यात. तेथले रुग्णालय ३० व्या आठवड्यापर्यंत ठरवावे, तेथे रात्री सिझेरियनची आणि नवजात बाळाच्या अतिदक्षता विभागाची सोय आहे की नाही ते विचारावे, आणि पिंपरीच्या डॉक्टरांकडून वरीलप्रमाणे लिहिलेले एक पान घ्यावे. खासगी दवाखान्यात दाखवत असलात तरी माता व बाल संरक्षण कार्ड आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून घेऊन ठेवावे. त्यात प्रत्येक भेटीचा रक्तदाब आणि लघवीतील अल्ब्युमिन यांच्यासाठी जागा असते आणि गावातली नर्सही ते क्षणात वाचू शकते. मधल्या काळात तपासणीची सोय हवी असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टर गरोदर स्त्रियांना मोफत तपासतात. जोखमीच्या गरोदरपणाच्या कार्डावर तेथे लाल खूण लावतात. ती लावली तर वाईट वाटून घेऊ नये, रात्री-अपरात्री पोहोचलात तर तीच आपल्याला रांगेत पुढे नेईल.

बाळंतपणानंतरही रक्तदाब चढू शकतो, म्हणून घरचे यंत्र सहा आठवडे चालूच ठेवावे. बाळाला दीड महिन्याच्या लसी देण्यासाठी जाल, त्याच दिवशी आपल्या लघवीचे गुणोत्तर पुन्हा काढून घ्यावे. त्या वेळी प्रोटीन जात असेल तर तीन महिन्यांनी आणखी एकदा तपासावे, आणि तेव्हाही थांबलेले नसेल तर सगळी फाइल, तिसऱ्या महिन्याच्या त्या रिपोर्टसह, मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावी.